पाहणं, आखणं आणि उघडणं: जबड्याच्या सांध्याचा वाद

मुखशल्यचिकित्सकांच्या परिषदेत जबड्याच्या सांध्याचं फ्रॅक्चर हा विषय निघाला की सभागृहाचे दोन तट पडतात. पुढे पडद्यावर त्रिमितीय कवटी फिरत असते, मोडलेला तुकडा हिरवा, शाबूत बाजू निळी, आणि वक्ता सांगत असतो की संगणकावर आधी शस्त्रक्रिया करून पाहिल्याशिवाय आता कुणी सुरीला हात लावू नये. मग मागच्या रांगेतून एखादे ज्येष्ठ उठतात आणि विचारतात, आम्ही एका ओपीजीवर, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एका सपाट एक्स-रेवर, आणि वरचे-खालचे दात एकत्र बांधणाऱ्या तारांवर आयुष्यभर जबडे बरे केले, ते रुग्ण जेवत नाहीत का? टाळ्या दोघांनाही पडतात. मीही दोन्हीकडे टाळ्या वाजवल्या आहेत. पण परतीच्या प्रवासात वाटत राहतं की ज्या रुग्णाबद्दल बोलायला हवं होतं, तो या भांडणात कुठेच नव्हता.

माझं म्हणणं आधीच मांडतो. सांधा नीट पाहणं, संगणकावर दुरुस्तीची आखणी करणं आणि प्रत्यक्ष सांधा उघडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची एकच मोट बांधून वाद घालतो. प्रौढ माणसाचा सांधा मोडल्याचा रास्त संशय असेल, तर सीटी किंवा सीबीसीटी (शंकूसारख्या किरणझोताने काढलेला दात-जबड्याचा सीटी) ही किमान गरज मानली पाहिजे. संगणकीय आखणी थोड्याच रुग्णांना लागते. पण ज्यांना लागते त्यांना ती सरकारी रुग्णालयातही मिळाली पाहिजे. आणि उघडायचं की नाही याचा शेवटचा कौल दात कसे जुळतात आणि तोंड कसं उघडतं, यांनी द्यायचा असतो. तो पडद्यावरच्या चित्राने द्यायचा नसतो.

हा सांधा पाहायला इतका अवघड का? कानाच्या छिद्रासमोर बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की जे हलतं, ते खालच्या जबड्याचं वरचं टोक. त्याला आम्ही कॉन्डाइल म्हणतो. ते कवटीच्या तळाशी एका खोबणीत बसतं आणि त्या खोबणीचं छत काही ठिकाणी इतकं पातळ असतं की सुकलेली कवटी उजेडासमोर धरली तर प्रकाश झिरपतो. छताच्या पलीकडे मेंदू. मोटारसायकलवरून माणूस हनुवटीवर आपटला की तो जोर जबड्यातून सरळ वर जातो. अशा वेळी टोकाखालची बारीक मान मोडते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच निभावतं. टोक छत फोडून वर घुसणं फार क्वचित घडतं. (हनुवटी उघडी ठेवणाऱ्या अर्ध्या हेल्मेटने कायदा पाळल्याचं समाधान मिळतं, जबडा वाचत नाही. हेल्मेटसक्तीवर आपल्याकडे एवढं रान उठतं, पण कोणतं हेल्मेट यावर कुणी बोलत नाही.) मान मोडली की सांध्याला चिकटलेला स्नायू सुटलेला तुकडा पुढे आणि आत, घशाच्या दिशेने ओढतो. म्हणजे तुकडा नेमका त्या दिशेला सरकतो, जी बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसत नाही.

ओपीजी हा कष्टाळू नोकर आहे, त्याचा मान मी कमी करत नाही. फिनलंडच्या पातेरो यांनी 1950 च्या आसपास ही पद्धत रुजवली, तेव्हा अख्खा जबडा एका पट्टीवर उलगडून दिसणं ही क्रांतीच होती. आजही तालुक्याच्या गावात तो स्वस्तात निघतो, त्याचा किरणोत्सर्ग साधारण वीसेक मायक्रोसिव्हर्ट इतकाच असतो आणि मानेची सरळ मोड तो बऱ्याचदा दाखवतो. पण तो गोल वस्तूचं सपाट चित्र आहे. त्यात प्रतिमा मूळ हाडापेक्षा वीस-तीस टक्के मोठी उमटते आणि डोकं किंचित तिरपं असलं तरी डाव्या-उजव्या बाजूचं प्रमाण बदलतं. टोकाची आतली कड उभी चिरली गेली असेल तर ती चीर त्यात अनेकदा लपते. म्हणूनच जुने शिक्षक ओपीजीबरोबर समोरून काढलेला रिव्हर्स टाउन एक्स-रे मागत. एका दिशेने पाहून हाडावर विश्वास ठेवू नये, काटकोनात दुसरं चित्र काढावं, हा नियम संगणकाच्या आधीचा आहे. सीटी मागणारा तरुण डॉक्टर तोच नियम पाळतो आहे. त्याला परंपरेचा शत्रू कशासाठी ठरवायचं?

आता आकड्यांकडे या. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेली आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेली यादृच्छिक चाचणी (कुणाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली तुलना) या क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ आहे. तुकडा 10 ते 45 अंश वाकला असेल किंवा जबड्याची मागची उंची 2 मिलिमीटर किंवा अधिक घटली असेल, अशा रुग्णांत शस्त्रक्रिया की तारा, याची तिथे तुलना झाली आणि शस्त्रक्रियेच्या गटाचे परिणाम सरस आले. तेव्हापासून हे आकडे उंबरठ्यासारखे वापरले जातात. उंबरठा मिलिमीटरमध्ये सांगायचा आणि मोजायला वीस टक्के फुगणारी पट्टी घ्यायची, हे कसं चालेल? शस्त्रक्रिया टाळू पाहणाऱ्यालाही हे मोजमाप खरं हवं. उंची घटलेली नाही, तुकडा फारसा वाकलेला नाही, हे खात्रीने सांगता आलं तरच तो रुग्णाला निर्धास्तपणे म्हणू शकतो, कापायची गरज नाही. चांगल्या चित्राने शस्त्रक्रिया वाढतातच असं नाही. माझ्या अनुभवात त्याने कित्येकदा सुरी थांबवली आहे.

तरीही मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांचा मुद्दा मी हलका लेखणार नाही, कारण त्यामागे शरीराचं एक सत्य आहे. हा सांधा कमालीचा जुळवून घेणारा आहे. वाकड्या जुळलेल्या टोकानेही माणसं नीट चावतात. स्नायू नवी वाट शिकतात, हाडही वर्षभर स्वतःला घासून-पुसून घेत राहतं. लहान मुलांत तर जवळजवळ नवं टोक घडतं. उघडून बसवण्यात जोखीमही आहे: वाट लाळग्रंथीतून आणि चेहऱ्याच्या नसेजवळून जाते, काही रुग्णांचं कपाळ किंवा ओठ काही आठवडे लुळं पडतं आणि क्वचित ते पूर्ण परत येत नाही. वाकडं चित्र पाहून अस्वस्थ झालेला डॉक्टर या जोखमीत रुग्णाला ढकलणार नाही कशावरून?

ही भीती कल्पनेतली नाही, इतिहासात ती एकदा खरी झालेली आहे. रॉन्टगेन यांना 1895 च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले आणि थोड्याच वर्षांत डॉक्टरांना एक धक्का बसला. हाताने चाचपून सरळ बसवली असं वाटलेली हाडं काचेच्या तबकडीवर वाकडी दिसू लागली. काही रुग्ण त्या तबकड्या घेऊन कोर्टात गेले. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे आर्बथनॉट लेन तोवर हाडं उघडून स्क्रू आणि पोलादी पट्ट्यांनी जोडण्याचा पुरस्कार करू लागले होतेच. वाकड्या सावल्यांनी त्यांच्या बाजूला बळ दिलं. लेन यांचे हात कुशल होते आणि शिस्त कडक. जखमेला बोट न लावता उपकरणांनीच काम करायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. पण त्या कौशल्याशिवाय त्यांचं अनुकरण करणाऱ्यांच्या रुग्णांत पू झाला, आणि त्या काळचं पोलाद शरीरात गंजत होतं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुकास-शाँपियोनिएर उलट सांगत होते: हाड थोडं वाकडं असू द्या, हालचाल लवकर सुरू करा, अवयव कामाला लागेल. मला या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. चित्र माणसाला घाईला लावतं, ही पहिली. आणि दुसरी, तेवढ्यासाठी कुणी एक्स-रे टाकून दिला नाही. धातू सुधारला, निर्जंतुकता सुधारली, आणि मुख्य म्हणजे कोणती वाकडी सावली निरुपद्रवी आणि कोणती घातक, हे डॉक्टर हळूहळू शिकले. जबड्याच्या सांध्याबाबत आपण याच शिकण्याच्या टप्प्यावर आहोत. अशा वेळी चित्रच कमी काढा म्हणणं म्हणजे शिकणंच थांबवणं.

झाइड आणि केंट या शल्यचिकित्सकांनी 1983 मध्ये सांधा उघडायलाच हवा अशा परिस्थितींची यादी दिली. टोक कवटीच्या आत घुसलं असेल, बाहेरच्या बाजूला सांध्याच्या आवरणाबाहेर सरकलं असेल, गोळीसारखी परकी वस्तू आत असेल, किंवा तारा बांधूनही दात जुळत नसतील, तर उघडा. ही यादी मी विद्यार्थ्यांना अजून शिकवतो, कारण तिच्यातच आपल्या भांडणाचं उत्तर आहे. पहिल्या तीन गोष्टी पाहायला त्रिमितीय चित्राइतकं विश्वासाचं दुसरं साधन नाही. चौथी गोष्ट कोणतंही यंत्र दाखवू शकत नाही. ती रुग्णाला ‘दात एकमेकांवर बसतात का?’ असं विचारून, वरच्या-खालच्या दातांना रबर लावून, आठवडाभर पुन्हा पुन्हा तोंडात पाहूनच कळते. चित्र आणि तपासणी एकमेकांची जागा घेत नाहीत, हे चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

संगणकीय आखणीबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. ती आकाशातून पडलेली नाही. पहिल्या महायुद्धात जबडे उडालेल्या सैनिकांसाठी 1917 मध्ये इंग्लंडात सिडकपला रुग्णालय उभं राहिलं, तिथे शल्यचिकित्सक हॅरल्ड गिलीज यांचा गट चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे करून शस्त्रक्रिया आखत होता. दातांचे प्लास्टरचे साचे करवतीने कापून, मेणाने जोडून जबडा कुठे बसवायचा हे ठरवणं आम्ही सगळे विद्यार्थी असताना शिकलो. आजची आखणी म्हणजे तेच काम, फक्त प्लास्टरऐवजी सीटीच्या कापांवर, म्हणजे थराथराने काढलेल्या चित्रांवर. संगणक हाड मांसापासून वेगळं काढतो, सुटलेला तुकडा जागेवर नेऊन पाहू देतो, शाबूत बाजूची आरशातली प्रतिमा मोडलेल्या बाजूवर ठेवतो. त्याचं मॉडेल त्रिमितीय छपाईयंत्रावर छापलं की त्यावर हाड जोडणारी धातूची प्लेट आदल्या रात्रीच वाकवून ठेवता येते आणि स्क्रू किती लांबीचा हवा हे आधी कळतं. दीड इंची जखमेच्या तळाशी नखाएवढा तुकडा धरून प्लेट वाकवत बसण्याचा वेळ वाचतो, नस ताणून धरण्याचा वेळही तेवढाच कमी होतो. हा लाभ मी स्वतः अनुभवला आहे आणि तो मी नाकारणार नाही.

पण रंगीत पडदा जे सांगत नाही, तेही सांगायला हवं. कॉन्डाइलवरचं हाड पातळ असतं. काप जाड असतील किंवा संगणकाला हाडाची घनता चुकीची सांगितली, तर जिथे हाड आहे तिथे चित्रात भोक दिसतं, नाहीतर टोक आणि खोबणी एकमेकांना चिकटलेली दिसतात. मग कुणीतरी तासभर बसून हाताने ती कड रंगवतो, आणि त्या कडेची अचूकता त्याच्या नजरेइतकीच असते. आरशाची युक्ती दोन्ही बाजू मोडल्या की संपते, आणि हनुवटीवर पडलेल्या माणसाच्या दोन्ही बाजू मोडणं ही नेहमीची गोष्ट आहे. एक बाजू शाबूत असली तरी माणसाचे दोन सांधे जुळ्या भावांसारखे नसतात. सांध्यातली कूर्चेची चकती सीटीत नीट दिसत नाही. ती पाहायला एमआरआय लागतो. आणि कारखान्यात बनवून घ्यायची खास प्लेट यायला कधी कधी इतके दिवस लागतात की तोवर तुकडा चिकटू लागतो आणि दोन आठवड्यांनंतर तो सोडवणं स्वतःच एक शस्त्रक्रिया होते. या उपयोगासाठीचा पुरावाही अजून प्रामुख्याने छोट्या रुग्णसमूहांचा आहे. म्हणून प्रत्येक मोडीला आखणी हवी हे म्हणणं मला पटत नाही. तुकडे अनेक झाले असतील, टोकच चिरलं असेल, जुनी मोड वाकडी जुळली असेल, दात नसल्यामुळे जबडा कुठे बसवावा याचा आधारच नसेल, तिथे ती हवी. मानेखालच्या साध्या मोडीत अनुभवी हाताला दातांची जुळणी पुरते.

खर्चाचा आक्षेप मात्र उलट बाजूने तपासा. वाद सगळा महागड्या प्लेटवर होतो आणि हातातून निसटतं ते सर्वांत स्वस्त. अपघाताचा रुग्ण दवाखान्यात येतो, मेंदूला मार आहे का हे पाहायला डोक्याचा सीटी होतो. तो स्कॅन कवटीच्या तळाशी थांबतो. त्याच टेबलावर, त्याच मिनिटाला आणखी काही सेंटिमीटर खाली, हनुवटीपर्यंत गेला असता तर जबडा पूर्ण दिसला असता. चार दिवसांनी सूज उतरल्यावर दात जुळत नाहीत हे लक्षात येतं आणि तोच रुग्ण दुसऱ्यांदा सीटीच्या रांगेत उभा राहतो, दुसऱ्यांदा पैसे भरतो, दुसऱ्यांदा किरणोत्सर्ग घेतो. बरं, सीटी झाला तर हाती काय येतं? एका मोठ्या फिल्मवर छापलेली वीस-पंचवीस छोटी चित्रं. त्यावरून आखणी होत नाही. आखणीला लागतात एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, त्यांच्या मूळ डिजिटल रूपात. ती माहिती यंत्रात काही काळ असते आणि मग जागा करण्यासाठी पुसली जाते. बाहेरगावाहून फिल्मची गुंडाळी आणि पाच मिलिमीटरचे काप घेऊन आलेल्या रुग्णाला ‘पुन्हा काढा’ म्हणायची वेळ माझ्यावर किती वेळा आली, सांगता येत नाही. त्यातले बरेचसे जण मजुरी बुडवून आलेले असतात.

मूळ माहिती हातात असेल तर पुढचा खर्च कोसळतो. थ्रीडी स्लायसर ही मुक्त संगणकप्रणाली फुकट आहे. तिला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता नाही आणि वापरणाऱ्याने जबाबदारी स्वतः घ्यावी लागते, हे खरं. पण मॉडेल छापून प्लेट वाकवून ठेवण्यासारख्या कामाला ती पुरते आणि छपाईचं यंत्र आता अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर्रास असतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत दर वर्षी पदव्युत्तर विद्यार्थी येतात, तरुण आहेत, संगणक त्यांना परका नाही. तिथे आखणीसाठी एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एक खोली दिली तर जिल्ह्यांतून आलेल्या स्कॅनवर तिथूनच काम होईल. रॉन्टगेन यांनी आपल्या शोधाचं पेटंट घेतलं नाही, म्हणून तो इतक्या लवकर जगभर पोचला. आखणी ही फक्त कंपनीच्या पाकिटातून मिळणारी वस्तू आहे, असं मानून विरोध करणारे तिला कंपनीच्याच हवाली करून मोकळे होतात.

किरणोत्सर्गाचा आक्षेप मी मुलांसाठी पूर्ण मान्य करतो, मोठ्यांसाठी अर्धा. चेहऱ्याचा सीटी काहीशे मायक्रोसिव्हर्टपासून एक-दोन मिलिसिव्हर्टपर्यंत जातो (हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). निसर्गातून माणसाला वर्षभरात जागतिक सरासरीने मिळणारा डोस सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. मोडलेल्या जबड्याच्या प्रौढाने हा सौदा करायला हरकत नाही, एकदाच आणि नीट काढला तर. मुलांच्या पेशी नाजूक, पुढचं आयुष्य लांब. तिथे कमी डोसचा सीबीसीटी, तोही गरज पाहून.

पण मुलांचा विषय निघाला की मला या साऱ्या वादाची लाज वाटू लागते. पाच वर्षांचं मूल गच्चीवरून किंवा ओट्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फाटते, रक्त येतं, दवाखान्यात टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, घरी पाठवतात. कानासमोर बोट ठेवून कुणी पाहत नाही. आत सांध्यात रक्त साकळलेलं असतं. मूल दुखतं म्हणून तोंड कमी उघडतं, आई पेज भरवते, सगळ्यांना वाटतं टाक्यांमुळे असेल. हळूहळू त्या रक्ताचं हाड होतं आणि टोक कवटीला चिकटतं. दोन-तीन वर्षांनी मूल आमच्याकडे येतं तेव्हा दातांमध्ये बोटही जात नाही, दात किडलेले, हनुवटी मागे राहिलेली, रात्री श्वास अडकतो. जबडा जखडण्याचे असे रुग्ण आपल्या देशात आजही येत राहतात आणि त्यांच्यासाठी मग सीटीही लागतो, संगणकीय आखणीही लागते, एकाहून अधिक शस्त्रक्रियाही लागतात. पहिल्या दिवशी काय लागलं असतं? तोंड उघडायला सांगणं. हनुवटी एका बाजूला वळते का, मागचे दात आधी आपटतात का, हे पाहणं. आणि मोड असेल तर जबडा फार दिवस बांधून न ठेवता लवकर हालचालीचे व्यायाम शिकवून मुलाला महिनोन्महिने बोलावत राहणं.

हे सांगितलं की जुने म्हणतात, बघा, हातच खरा. हो, खरा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जबड्याचा सांधा जागेवर आणून, शेकून, पंचांगी, म्हणजे पाच टोकांचा, बंध बांधायला सांगितलं आहे. हाताचं ते ज्ञान कोणत्याही पडद्याने शिळं होत नाही. नवे डॉक्टर चित्र पाहून मग रुग्णाकडे जातात, त्यामुळे हात बोथट होतो, ही तक्रार मला मान्य आहे आणि माझ्या विभागात मी विद्यार्थ्याला आधी तपासणी लिहायला लावतो, मग स्कॅन उघडू देतो. पण हाताच्या नावाने सीटीला विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या तालुक्यातल्या अपघात विभागात जाऊन, हनुवटीला टाके घालणाऱ्या डॉक्टरला कानासमोर बोट ठेवायला शिकवलं? आणि पडद्यावर कवटी फिरवणाऱ्यांपैकी किती जण सहा महिन्यांनंतर त्या रुग्णाचं तोंड किती उघडतं हे मोजून सांगतात? शस्त्रक्रियेआधीची चित्रं आपल्याकडे ढिगाने असतात, नंतरच्या आयुष्याची नोंद जवळपास नसते. तारा चांगल्या की प्लेट, साधी प्लेट चांगली की आखलेली, हे आपल्या रुग्णांबद्दल आपल्याला ठामपणे सांगता येत नाही याचं कारण हेच आहे.

पुढच्या परिषदेत मी विषय मांडणार आहे तो असा: केसपेपरवर चार रकान्यांचा शिक्का असावा. पुढच्या दातांमध्ये तोंड किती मिलिमीटर उघडतं, उघडताना हनुवटी कुठल्या बाजूला आणि किती वळते, मागचे दात दोन्हीकडे टेकतात का, चावताना दुखतं का. पहिल्या दिवशी, सहाव्या आठवड्याला, सहाव्या महिन्याला आणि वर्षाने. तारावाल्यांच्या रुग्णांसाठीही आणि संगणकवाल्यांच्याही. मुलांसाठी हनुवटीची वाढ थांबेपर्यंत, दर वर्षी.